गोल केलेल्या कडा

आयोगाचं पत्र येऊन तीन दिवस झाले होते आणि मिस्त्रींनी ते कुणालाच दाखवलं नव्हतं. शेवटी ते त्यांच्या बायकोला सापडलं, धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात. तिनं ते उभ्या उभ्या वाचलं, पुन्हा घडी घातली, आणि नवऱ्याशी अवाक्षर न बोलता तीन फोन लावले. एक नणंदेला, एक दिराला, एक लेकीला. म्हणून त्या रविवारी सकाळी दहा वाजता कारखान्याच्या वरच्या घरात, जेवणाच्या लांब टेबलाभोवती सगळे जमले. ताईचे यजमान गेले, त्यानंतर पहिल्यांदाच.

ताई सगळ्यांत आधी आली. मिस्त्रींहून सहा वर्षांनी मोठी, मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, आणि अजूनही कुठल्याही खोलीत शिरली की बसायच्या आधी खिडक्या उघडणारी. पाठोपाठ धाकटा आला, दारातून नेहमीसारखा वाकून. उंची सहा फूट तीन इंच. पोरवयात चिकटलेलं लंबू हे नाव साठी उलटली तरी सुटलं नव्हतं. कारखान्याचा माल पोचवायचा आणि जागेवर बसवून द्यायचा, हे काम जन्मभर त्यानंच केलं.

चिऊ, मिस्त्रींची एकुलती एक लेक, सगळ्यांत शेवटी आली. सासरच्या गाडीतून आली आणि गाडी खाली थांबून राहिली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलेलं नाही, हे मिस्त्रींना वरूनही ऐकू येत होतं.

"कुठंय पत्र?" ताईनं हात पुढे केला.

पत्रात फार काही नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी या कारखान्यात बनवलेल्या 'विशेष बाक, नग सहा' या कामाचा मूळ आराखडा घेऊन मालकानं सोमवारी अकरा वाजता चौकशी आयोगापुढे हजर व्हावं. आयोगाला कारखाना सापडला तो बाकाच्या पोटाखालच्या शिक्क्यामुळे. वडिलांनी घालून दिलेला तो रिवाज होता. खुर्ची असो की शाळेचा फळा, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला, जिथं कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, तापलेल्या लोखंडानं कारखान्याची खूण डागायची. मिस्त्रींनी त्या सहा बाकांवरही ती स्वतःच्या हातानं डागली होती.

अकरा वर्षांपूर्वीचे ते दिवस सगळ्यांनाच आठवत होते. बाजारात दोन स्फोट झाले होते आणि नंतर वर्षभर माणसं घरातून उचलली जात होती. काही परत आली, चार आली नाहीत. आता सरकार बदललं होतं, आयोग बसला होता, आणि पोलीस चौकीतले चार शिपाई तुरुंगात जायच्या वाटेवर होते. जे काही झालं ते या चौघांनी परस्पर केलं, असं वरचे सगळे एका सुरात सांगत होते. तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी तर पंधरा दिवसांपूर्वीच शपथेवर सांगितलं होतं की असा बाक असतो हे मला वर्तमानपत्रातल्या फोटोवरून कळलं.

हे माजी गृहमंत्री म्हणजे चिऊचे सासरे. या घरात त्यांना सगळे साहेब म्हणत. व्याही म्हणायची हिंमत दहा वर्षांत कुणाला झाली नव्हती.

"बाबा, पपांचा एक निरोप आहे," चिऊ म्हणाली. सासऱ्यांना ती पपा म्हणे. ती खुर्चीत अर्धवटच टेकली होती. "त्यांचं म्हणणं एवढंच की अकरा वर्षांपूर्वीचा कागद कोण जपून ठेवतं? मागं छप्पर गळलं, जुन्या फायली भिजल्या, टाकून दिल्या. असं घडतंच. कुणी काही म्हणणार नाही."

"छप्पर कधी गळलं?" ताईनं विचारलं.

"आत्या, छपरं सगळ्यांचीच गळतात."

"या घराचं नाही गळलं. तुझ्या आजोबांनी घातलंय ते."

"कागद आहे का पण मुळात?" लंबूनं मध्येच विचारलं. तो टेबलावरची बशी उगाच गोल गोल फिरवत होता.

मिस्त्रींनी कोपऱ्यातल्या कपाटाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. पण चौघांनीही ती पकडली.

"आहे," ते म्हणाले.

"मग जाळून टाक, दादा. आत्ता. मोकळे होऊ." लंबूनं बशी थांबवली. "अरे, आपण सुतार माणसं. कुणी म्हणालं कपाट करून द्या, तर आपण विचारतो का त्यात काय कोंबणार आहात म्हणून? काम आलं, केलं. त्यांचं राजकारण त्यांच्यापाशी."

"भाऊजी बरोबर बोलताहेत," मिस्त्रींची बायको म्हणाली. तिनं चहाचे कप मांडले. "ताई, तुम्हाला काय, तुम्ही एकट्या. माझी लेक त्या घरात आहे. तिची दोन मुलं त्या घरात आहेत. उद्या यांनी तिथं जाऊन काही बोलायचं आणि परवा हिनं त्याच माणसासमोर जेवायला बसायचं? कसं बसायचं?"

खरं सांगायचं तर गेले तीन दिवस मिस्त्री स्वतःशी हेच घोकत होते. लेकीचं घर, लेकीचं घर. वाक्य चांगलं होतं. त्याच्याआड अख्खा माणूस सहज लपत होता.

ताईनं पिशवीतून एक शाळकरी वही काढली.

"मी ऐकायला जाते तिथं," ती म्हणाली. "दोन महिने झाले. रोज जाते. शेवटच्या रांगेत बसते आणि लिहून घेते."

"तू?" मिस्त्री चकित झाले. "बोलली नाहीस कधी."

"तू तरी कुठं काय बोललास?" तिनं चष्मा चढवला. "जमीन मोजणी खात्यातला एक माणूस आहे. त्याच्या नावाचा दुसराच कुणीतरी हवा होता, म्हणून याला उचललं. सतरा दिवस ठेवलं. गेल्या मंगळवारी त्याची साक्ष झाली. त्याचेच शब्द वाचते, माझा एकही नाही."

ती शाळेत धडा वाचावा तशी, आवाज न चढवता वाचू लागली.

"'मला उताणं बांधायचे. डोकं खाली, पाय वर. तोंडावर कापड आणि वरून पाणी. पण बाकाचं लाकूड फार गुळगुळीत होतं. कडा गोल होत्या. मी पडल्या पडल्या विचार करायचो की हे कुणीतरी मन लावून केलंय. कुणाला टोचू नये म्हणून हात फिरवून पाहिलंय. आणि टोचलं नाही म्हणूनच माझ्या अंगावर एक ओरखडा उठला नाही. सरकारी डॉक्टरनं लिहिलं, इजा नाही. अकरा वर्षं झाली, माझ्यावर अजून कुणी विश्वास ठेवत नाही.'"

खालच्या गाडीचं इंजिन तेवढं चालू होतं.

मिस्त्रींनी आपले हात टेबलाखाली घेतले.

"आराखड्यात होतं का असं, कडा गोल करा म्हणून?" ताईनं विचारलं.

"नाही."

"मग कुणी केल्या?"

"मी केल्या."

"का रे?"

"सवय," ते म्हणाले. वडील हाताला धरून शिकवायचे, काठावरून तळवा फिरव, कुठं अडकता कामा नये. पण हे उत्तर अर्धंच होतं, आणि बहीण डोळे रोखून उरलेल्या अर्ध्याची वाट पाहत होती. वर्गात गप्प बसणाऱ्या हजारो पोरींची तिनं अशीच वाट पाहिली असणार.

"मनगटांना पट्टे होते, घोट्यांना होते, कपाळाला एक होता," मिस्त्री हळूहळू बोलू लागले. "बरोबर आलेला अधिकारी म्हणाला, इस्पितळासाठी आहे, व्यायामाचा बाक. मी विचारलं, तुमचे रोगी पळून जातात की काय? तो म्हणाला, काही काही जातात. तेव्हाच मला शंका आली. काम नको म्हणायला जीभ उचलली नाही. मग म्हटलं, निदान कडा तरी... निदान टोचायला तरी नको."

"अधिकारी कुणाबरोबर आला होता?" चिऊनं विचारलं.

लंबूनं मान खाली घातली.

"बाबा, कुणाबरोबर?"

"साहेबांबरोबर. ते स्वतः आले होते. एकदाच. दुपारची वेळ होती. पहिला बाक तयार झाला होता."

"म्हणजे ते तो बाक बघायला आले होते?"

"हो. खाली, बँड-करवतीच्या शेजारी. त्यांना उतार बघायचा होता. कुणीतरी झोपून दाखवा म्हणाले. उंच माणूस असला तर बरं." मिस्त्रींनी भावाकडे पाहिलं नाही. "लंबू झोपला. पट्टे मी बांधले, त्याची मापं आराखड्यावर टाकली. साहेबांनी विचारलं, कसं वाटतंय? हा म्हणाला, डोक्यात रक्त उतरतंय साहेब, उद्यापासून हुशार होणार मी. आणि आम्ही सगळे हसलो."

"गंमत केली मी," लंबू पुटपुटला. "मला काय माहीत..."

"सगळे हसलो," मिस्त्री पुन्हा म्हणाले. "मग त्यांनी माझ्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि आराखड्यावरच लिहिलं, पायाकडून आणखी दोन बोटं उचला. खाली आद्याक्षरं घातली."

चिऊ उठून उभी राहिली. खिडकीपाशी गेली, गाडीकडे पाहिलं, परत आली.

"म्हणजे पपा खोटं बोलले. शपथ घेऊन."

"हो."

"आणि मला छपराचा निरोप देऊन पाठवलं. मला. तुमच्याकडे."

"चिऊ, बाळा, बस," आई म्हणाली. "मोठ्या माणसांच्या गोष्टी असतात. आपण आपलं घर सांभाळायचं."

"दादा, पुरे आता," लंबू एकदम म्हणाला. "झालं एवढं बास. ते दुसरं काढू नकोस."

तो बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. ताईनं वही मिटली.

"दुसरं काय?"

मिस्त्रींना वाटलं, आत्ता उठावं, खाली जावं, एखादी फळी रंधायला घ्यावी. रंध्याच्या आवाजात माणसाला कुणी काही विचारत नाही. अकरा वर्षं त्यांनी तेच तर केलं होतं. पण लेक समोर उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते यापुढं दर वेळी बघावं लागणार, हे त्यांना दिसत होतं. मग ते अर्धवट कशाला?

"चार महिन्यांनी एक बाक परत आला," ते म्हणाले. "दुरुस्तीला. एक पट्टा तुटला होता. लंबूच घेऊन आला टेम्पोतून. हाताजवळच्या लाकडावर ओरखडे होते. दोन्ही बाजूंना. खोल."

"कसले ओरखडे?" बायकोनं विचारलं.

"नखांचे."

तिनं तोंडावर हात घेतला.

"मी रंधा मारला. पॉलिश पेपरनं घासलं, नवा पट्टा बसवला, पॉलिशचे दोन हात दिले. चौथ्या दिवशी लंबू परत पोचवून आला. आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकतो. खोटं का होईना, म्हणता येतं. दुसऱ्या वेळी काय म्हणू?"

"मला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं," लंबूचा आवाज फुटला. एवढा मोठा माणूस खुर्चीत दुमडून बसल्यासारखा दिसत होता. "बसवायला गेलो तेव्हाच. तळघराची खोली. खिडकी नाही. भिंतीला नळ, खाली मोरी, आणि मला म्हणाले, बाकाची डोक्याची बाजू नळाखाली आली पाहिजे. व्यायामाला नळ कशाला लागतो? मी सहा खोल्यांत सहा बाक बोल्टांनी जमिनीला आवळून आलो. घरी येऊन जेवलो. झोपलोसुद्धा."

ताईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

चिऊ बोटांवर काहीतरी मोजत होती. मोजून झाल्यावर तिनं वडिलांकडे पाहिलं.

"माझं लग्न त्याच्या पुढच्या वर्षी झालं."

"हो."

"स्थळ कुणी आणलं होतं?"

उत्तर आईनंच दिलं. "साहेबांनीच विचारलं होतं गं. त्या दिवशी कारखान्यात तू चहा घेऊन खाली आली होतीस. त्यांनी तुला पाहिलं. नंतर निरोप पाठवला, मुलगी आवडली म्हणून."

"मला आठवतंय," चिऊ म्हणाली. "चार कप होते. काका बाकावर बसले होते, शर्टाची बटणं लावत. सगळे हसत होते. मला वाटलं, किती साधा मंत्री आहे." ती वडिलांकडे वळली. "बाबा, म्हणजे त्या नखांचं माहीत असताना तुम्ही मला त्या घरात दिलंत."

हे वाक्य कधीतरी येणार हे मिस्त्रींना ठाऊक होतं. रात्रंदिवस ते त्याची धास्ती घेऊन जगत होते. काय सांगणार? की सुताराच्या घरी मंत्र्याचा निरोप आला तेव्हा छाती फुगली होती? की ज्याच्या घरी आपली लेक नांदते तो माणूस वाईट कसा असेल, असं म्हणून त्यांनी लेकीच्या संसारानं आपलं मन धुऊन काढलं होतं? त्यांनी मान खाली घातली.

आवाज आला तो बायकोच्या बाजूनं. तिनं कप गोळा करायला घेतले होते, एकात एक घालत होती.

"छत्तीस वर्षं तुमच्या कपड्यांतला भुसा झटकतेय मी," ती म्हणाली. "तोही मीच झटकला असेन. त्या ओरखड्यांचा. गॅलरीत उभी राहून, गाणं गुणगुणत." तिनं कप खाली ठेवले, कपाटापाशी गेली, वरच्या खणातून गुंडाळी काढली आणि टेबलावर आणून टाकली. "उद्या घेऊन जा हे."

"आणि चिऊचं?" मिस्त्रींनी कसंबसं विचारलं.

"चिऊचं नाव आता पुढं करू नका. मीही करणार नाही. सकाळपासून मीही तेच केलं."

चिऊनं गुंडाळी उलगडली. पिवळ्या पडलेल्या कागदावर निळ्या रेघा होत्या आणि समासात पेन्सिलीनं एक ओळ. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"त्यांचंच अक्षर," ती म्हणाली. "मुलांच्या नव्या पुस्तकांवर तेच नावं घालून देतात. अशीच लांब शेपटी काढतात." तिनं कागद तसाच उलगडलेला ठेवला आणि पर्स उचलली.

"तू नको जाऊस आज," आई म्हणाली.

"मुलं तिकडं आहेत, आई." दाराशी ती थांबली. "पपांना काय सांगू?"

प्रश्न कुणाला होता ते स्पष्ट होतं.

"सांग, छप्पर शाबूत आहे," मिस्त्री म्हणाले.

ती गेली. लंबूही उठला. "माझं नाव घेऊ नकोस, दादा," तो जाताना म्हणाला.

"त्या आराखड्यात माप तुझं आहे रे. कसं नाही घेणार?"

लंबू दाराशी वाकायचं विसरला आणि कपाळ चौकटीला सणकून आपटलं. कुणाला हसू आलं नाही.

सोमवारी ताई मिस्त्रींना घ्यायला आली. आयोगाचं काम जुन्या सरकारी छापखान्याच्या इमारतीत चालायचं. दुसरा मजला, उंच छत, लोखंडी खुर्च्या, आणि एकच माईक. तो तीनदा बंद पडला. आयोगाच्या अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांना कमी ऐकू येत असल्यानं त्या कानाला हेडफोन लावून बसत. साहेब पहिल्या रांगेत होते. मिस्त्री आत शिरताच त्यांनी नेहमीसारखी मान लववली. घरच्या माणसाला करावी तशी. मिस्त्रींची मान सवयीनं लवायला निघाली होती, ती त्यांनी मध्येच अडवली, आणि त्यातही त्यांना लाज वाटली.

आराखडा फिरवून दाखवण्यात आला. साहेबांचे वकील तरुण होते, बोलायला गोड.

"ही अक्षरं कुणाचीही असू शकतील, नाही का? आपण हस्ताक्षराचे जाणकार आहात?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "पण पेन्सिल माझी होती. ती त्यांनी खिशात घातली, परत दिली नाही."

मागं कुणीतरी हसलं. अध्यक्षबाईंनी हात वर केला आणि वकील पुढं बोलू लागले.

"अकरा वर्षं आपण गप्प बसलात. का?"

"लाज वाटत होती."

"आणि आता वाटत नाही?"

"आता जास्त वाटते."

वकील बसले. मग अध्यक्षबाईंनी स्वतः विचारायला सुरुवात केली. त्यांचा आवाज मोठा होता, कमी ऐकू येणाऱ्यांचा असतो तसा.

"इस्पितळासाठी आहे, यावर तुमचा विश्वास बसला?"

"त्या दिवशी बसवून घेतला."

"आणि दुरुस्तीला आला तेव्हा?"

"तेव्हा नाही."

"तरी परत पाठवला."

"हो."

"लाकडावर काही खुणा होत्या?"

"होत्या. मी रंधा मारून काढल्या."

अध्यक्षबाईंनी हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला. "तुम्ही पुरावा नाहीसा केलात. तुमच्यावरही खटला होऊ शकतो. समजतंय ना?"

"समजतंय."

"तुम्ही म्हणालात, कुणालातरी बाकावर झोपवून माप घेतलं. ते कुणाचं?"

"माझ्या भावाचं," मिस्त्री म्हणाले. "पण झोपायला मी सांगितलं."

पुढं काय झालं ते इथंच सांगितलेलं बरं. त्या आठवड्यात लंबू कुणाला न सांगता एकटाच गेला आणि सहा खोल्यांचा नकाशा स्वतःच्या हातानं काढून देऊन आला. साहेबांना आयोगानं पुन्हा बोलावलं. या वेळी ते म्हणाले की आपण कारखान्यात फार तर पाच मिनिटं होतो. अहवाल आला तेव्हा त्यात चार शिपायांच्या वर एक अधिकारी आणि अधिकाऱ्याच्या वर साहेबांचं नाव होतं, आणि खटला भरावा अशी शिफारस होती. शिपायांच्या बायका त्या दिवशी छापखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडल्या. त्यांचे नवरे काही सुटले नाहीत, पण आता ते एकटे नव्हते. अहवालाच्या शेवटच्या भागात अर्धं पान कारखान्यावरही होतं. मिस्त्रींनी ते कारखान्यात फलकावर लावलं. कामगारांपैकी दोघं काम सोडून गेले, आणि मिस्त्रींनी त्यांना थांबवलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी साक्ष आटोपून मिस्त्री बाहेरच्या लांब व्हरांड्यात आले तेव्हा खांबाशी एक माणूस उभा होता. चाळिशीचा, व्यवस्थित इस्त्रीचे कपडे, हातात डबा. ताईनं भावाचं कोपर दाबलं. मोजणी खात्यातला.

मिस्त्रींनी हात जोडले.

"हात खाली घ्या," तो माणूस म्हणाला. "लोक बघताहेत. आणि मी त्यासाठी थांबलो नाही."

मिस्त्रींनी हात खाली घेतले.

"एकच विचारायचं होतं. त्या कडा टोचू नयेत म्हणूनच गोल केल्या होत्या ना? चुकून नाही ना झाल्या?"

"चुकून नाही. मीच केल्या."

"म्हणजे तिथं माणूस असणार, हे ठाऊक होतं."

"हो."

त्यानं मान हलवली, जमिनीचं माप जुळल्यावर हलवावी तशी. "बस. माझ्या बायकोला वाटतं, कडांचं मी मनानं रचलंय. तिला सांगतो." आणि तो डबा घेऊन जिन्याकडे निघून गेला. एकदाही मागं न पाहता.

मिस्त्री भिंतीला टेकले. ताई रिक्षा बघायला खाली गेली.

चिऊ सभागृहातून बाहेर पडणाऱ्या शेवटच्या माणसांत होती. आत ती कुठं बसली होती ते त्यांना दिसलं नव्हतं. पहिल्या रांगेत तर नव्हती. साहेबांची गाडी खाली लागली, साहेब आत बसले, दुसरं दार उघडं धरून ड्रायव्हर वर पाहत होता. चिऊनं त्याला हातानं जायची खूण केली. गाडी निघाली. मग ती वडिलांसमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते, पण आवाज कोरडा होता.

"मुलांना शाळेतून आणायला जातेय. त्यांचे कपडे घेईन. थोडेच."

"बरं," मिस्त्री म्हणाले. "या. वरची खोली मी आज झाडून ठेवतो. तुझीच आहे ती. केव्हाही या."

"येईन," चिऊ म्हणाली. "आईकडे येईन."

तिनं तो शब्द जोर देऊन म्हटला नाही. सहज म्हटला, आणि म्हणूनच मिस्त्रींना तो नीट ऐकू आला. ते वाटेतून बाजूला झाले आणि तिला जाऊ दिलं.